न विचारलेला दुष्काळ

काही काळापूर्वी नागपुरातील एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी असे विधान केले की, विदर्भाच्या लोकसाहित्यात दुष्काळाचे चित्रण जवळजवळ आढळत नाही, कारण हा मुलूख मुळात सुपीक आणि सुखी. पुराव्यादाखल त्यांनी ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सांगितली. सभागृहाने माना डोलावल्या, चहापान झाले आणि पुढचा निबंध भुलाबाईच्या गाण्यांतील माहेर या विषयावर वाचला गेला. आम्ही त्या सभागृहात होतो आणि आम्हीही गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई होय. त्यात काही कडवटपणा आला असेल तर त्यातला निम्मा आमच्या स्वतःवरचा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्या विधानात वस्तुतः दोन विधाने आहेत. पहिले, विदर्भात दुष्काळ नव्हता. दुसरे, म्हणून लोकांच्या तोंडी तो नाही. पहिल्याचा निकाल लावायला लोकसाहित्याच्या अभ्यासकाची गरजच नाही, शिरगणतीचे आकडे पुरेसे आहेत. १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ एकाच दशकात मध्यप्रांत व वऱ्हाडावर कोसळले. संस्थानांसह मध्यप्रांताची लोकसंख्या १८९१ साली सुमारे १ कोटी २९ लाख होती, ती १९०१ साली १ कोटी १९ लाखांच्या आत आली. वऱ्हाडची सुमारे २९ लाख होती, ती साडेसत्तावीस लाखांवर आली. यांत पटकी आणि तापाचे बळी आहेत, गाव सोडून गेलेले आहेत. पण उपाशी माणसाला ताप का उचलून नेतो हे कोणाला सांगायला नको. शिवाय दहा वर्षांत जी वाढ व्हायला हवी होती तीही या घटीत मिळवावी लागते.

आणि सोन्याच्या कुऱ्हाडीविषयी. हे सोने म्हणजे कापूस. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, खामगाव-अमरावतीच्या बाजारांतून गाठी मुंबईकडे आणि तेथून परदेशी जाऊ लागल्या, आणि ज्या काळ्या जमिनीत ज्वारी होत असे तीत कापूस पसरला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्याच्या आधारे माइक डेव्हिस यांनी दाखवून दिले आहे की, १८९९–१९०० मध्ये वऱ्हाडात लाखाच्या वर माणसे थेट उपासमारीने मेली असताना तेथून कापसाच्या गाठींबरोबर धान्यही बाहेर जात होते. म्हणीतील कुऱ्हाड सोन्याची होती यावर आमचा वाद नाही. ती कोणाच्या मानेवर पडली एवढाच प्रश्न आहे, आणि तो म्हण उद्धृत करणाऱ्यांना पडत नाही. (नागपूरच्या एम्प्रेस मिलचे नावही असेच सहज घेतले जाते. व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्या १ जानेवारी १८७७ या दिवशी तिचे उद्घाटन झाले. त्या दिवशी दख्खनेत माणसे खडी फोडत होती. त्यांची रोजची मजुरी थोड्याच दिवसांत रिचर्ड टेंपल यांनी शेरभराहून कमी धान्यावर आणून ठेवली.)

दुसरे विधान अधिक गंभीर आहे, कारण ते आपल्या विद्येविषयी आहे. लोकसाहित्यात दुष्काळ आढळत नाही, असे म्हणण्यापूर्वी तो शोधला कोणी, हे विचारायला हवे. मध्यप्रांताच्या लोकजीवनाचा आद्य मोठा ग्रंथ म्हणून आपण सारे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांकडे जातो. १९०१ ची मध्यप्रांताची शिरगणती याच रसेलसाहेबांच्या देखरेखीखाली झाली होती. म्हणजे किती माणसे नाहीशी झाली हे ज्याने मोजले त्यानेच पुढे उरलेल्यांच्या जातींच्या उत्पत्तिकथा, लग्नविधी आणि देवदेवस्की गोळा केली. त्या खंडांत कुळे, गोत्रे, हळद आणि मांडव यांची रेलचेल आहे. दुष्काळ कोठे कोठे ओझरता भेटतो. माहिती देणारे लोक त्या वर्षांतून जेमतेम जगून बाहेर पडलेले होते. त्यांना विचारले गेले ते लग्नात मामा कोणत्या बाजूला उभा राहतो हे. साहेबाचे एक वेळ सोडून देऊ. स्वातंत्र्यानंतर आपण काय वेगळे विचारले?

विचारले की काय होते याचा दाखला आयर्लंडमध्ये आहे. १८४५ पासून तेथे बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ ची ८२ लाखांच्या आसपासची लोकसंख्या १८५१ साली साडेपासष्ट लाखांवर आली. स्वतंत्र आयर्लंडने १९३५ साली लोकविद्येसाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात त्या आयोगाने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना आजी-आजोबांकडून लोकविद्या लिहून आणायला लावली, आणि शिक्षकांना दिलेल्या विषयांच्या यादीत ‘दुष्काळाचे दिवस’ हा एक स्वतंत्र विषय होता. १९४५ साली, दुष्काळाला शंभर वर्षे होताना, आयोगाने खास त्या दुष्काळाविषयीची प्रश्नावली गावोगाव पाठवली. त्यातून आलेल्या साहित्यावर रॉजर मॅकह्यू यांनी लिहिलेले प्रकरण १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या दुष्काळविषयक इतिहासग्रंथात आहे. ध्यानात घ्यावे की, १९४५ साली उत्तरे देणाऱ्यांपैकी दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला असा कोणी उरला नव्हता. त्यांनी सांगितले ते आईबापांकडून, आजीकडून ऐकलेले. शंभर वर्षांनीही ते सांगण्याजोगे होते, कारण कोणीतरी येऊन बसले होते आणि नेमके विचारत होते.

त्यांना काय मिळाले? गाणी थोडी. मिळाले ते तपशील: कोणत्या कुंपणाखाली कोण पडले, सरकी तळाची पेटी वापरून एकाच पेटीतून किती प्रेते वाहिली, कोणी कोणाची जमीन किती पिठाच्या बदल्यात घेतली, काय काय उकडून खाल्ले. ‘भुकेले गवत’ ही समजूत मिळाली. भुकेने माणूस जेथे पडला तेथे उगवलेल्या गवतावर पाय पडला तर चालणाऱ्याला अकस्मात जीवघेणी भूक लागते, म्हणून वाटेने निघताना भाकरीचा तुकडा जवळ असू द्यावा. आमच्या मते एखाद्या शोकगीताहून ही समजूत मोठी आहे, कारण तीत ज्याचे नाव कोणाला माहीत नाही अशा माणसाची भूक जमिनीत शिल्लक आहे. ‘त्यांनी सूप घेतले’ हा टोमणाही मिळाला. धर्म बदलण्याच्या अटीवर मिशनचे सूप प्यालेल्या घराण्यांना तो तीन-तीन पिढ्या ऐकावा लागला.

आता आपल्या संग्रहांकडे येऊ. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांपर्यंत, आणि गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांपर्यंत हे काम थोर आहे. त्या लोकांनी पायपीट केली नसती तर आज आमच्याकडे टीका करायलाही काही उरले नसते. परंतु या साऱ्या परंपरेतून आमच्या विद्यापीठीय अध्यापनाने जे उचलले ते फार चिंचोळे आहे. माहेर, सासर, भाऊबहीण, तान्हे बाळ, सण, विठ्ठल. लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्वरूप आणि व्याप्ती’ या प्रश्नाचे उत्तर याच घरांत बसवले जाते. आणि मग जे या घरांत बसत नाही ते लोकांनी निर्माणच केले नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

ओवीत दुष्काळ कमी का, याचे उत्तर ओवीच्या जन्मातच आहे. जाते फिरायला दाणा लागतो. पहाटे दोघी जणी जात्याशी बसतात, एक घास घालते, एक खुंटा धरते, तेव्हा ओवी येते. घरात दळायला काही नसते त्या पहाटे जाते मुके असते. ओवी हे दाणा असलेल्या घराचे, निदान दाणा असलेल्या दिवसाचे साहित्य आहे. दुष्काळ शोधायचा तर ओव्यांच्या मधल्या त्या मुक्या पहाटांचे काय, असे विचारावे लागेल. ओव्यांत तो नाही म्हणून तो आठवणीतच नाही असे म्हणणे म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांत मयत दिसत नाही म्हणून घरात कोणी मेलेच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

मग तो कोठे शोधावा? आधी आपल्या भाषेत शोधावा. खेड्यात अजूनही ‘काळ पडला’ असे म्हणतात. वेळ, मृत्यू आणि दुष्काळ या तिन्हींना एकच शब्द पुरला, ही काही कोशकारांची करामत नव्हे. हरिभाऊ आपट्यांनी १८९६–९७ च्या दुष्काळावर कथा लिहिली तेव्हा ‘काळ तर मोठा कठीण आला’ हे नाव त्यांना लोकांच्या तोंडचेच सापडले असावे. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपण हल्ली परीक्षेच्या दिवसांत दिवे गेले तरी वापरतो. तिच्यातला हिशेब मात्र कोणीतरी खरोखर केलेला आहे. अधिक महिना आला की नवे पीक एका महिन्याने दूर जाते, आणि कणगीचा तळ दिसत असताना तो एक महिना कसा काढायचा हे ज्याला मोजावे लागले त्यानेच ती म्हण केली.

नंतर खाण्यात शोधावा. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, लाखोळीचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात. धान उभे असतानाच बांध्यांत तिचे बी फेकतात. उरलेल्या ओलीवर ती येते. पाऊस दगा देतो तेव्हा बाकीचे सारे जाते आणि लाखोळी उरते. तीच तिची कृपा आणि तोच तिचा शाप. डाळ म्हणून थोडी खाल्ली तर फारसे बिघडत नाही. दोन-तीन महिने तिच्यावरच पोट भरावे लागले तर कमरेखालचे पाय आखडतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कर्नल स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या प्रवासग्रंथात सागरच्या बाजूला लागोपाठ पिके बुडाल्यावर असे पाय गेलेल्या तरुणांची हकीकत नोंदवली आहे. या रोगाच्या पायऱ्या वैद्यकाच्या पुस्तकांत काठ्यांनी मोजतात. काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. १९६१ पासून लाखोळीच्या विक्रीवर बंदी होती. नागपूरच्या शांतीलाल कोठारी यांनी तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली आणि २००८ साली महाराष्ट्रात ती उठली. डाळ विषारी की निर्दोष हा वाद शास्त्रज्ञांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या साऱ्या वादात लाखोळी खाऊन वाढलेल्या आणि लाखोळी खाऊन पांगळ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी कोणी मागितल्या नाहीत. दोन काठ्यांवर चालणारा म्हातारा ही एका विशिष्ट वर्षाची चालती नोंद होती. मालगुजाराच्या खळ्यावर सालदाराच्या पदरात कोणते धान्य पडले आणि मालगुजाराच्या घरी कोणते गेले, हे त्या नोंदीतून वाचता आले असते. तरोटा, मोहफुले, रानकंद यांचेही तेच. आज तरोट्याची भाजी रानभाजी महोत्सवात कौतुकाने खाल्ली जाते, आणि ती एके काळी हौसेने खाल्ली जात नव्हती हे सांगणारी बाई बहुधा तेथे स्टॉलवरच उभी असते.

उरला लिखित आणि अर्धलिखित परंपरेचा भाग. येथे तर दुष्काळ उघड्यावर पडलेला आहे, आणि आम्ही शिक्षक मंडळी त्याच्यावर शाल पांघरत आलो आहोत. दामाजीपंतांची कथा घ्या. मंगळवेढ्याचा हा अधिकारी भुकेल्यांसाठी बहामनी सुलतानाचे कोठार उघडतो, आणि त्याच्यासाठी विठोबा महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरतो. वर्गात आपण दामाजीची करुणा शिकवतो, देवाचा चमत्कार शिकवतो. कोठाराच्या दाराशी आलेली माणसे कोण होती, हे कोठे शिकवतो? कोठारात दाणा होता आणि दाराबाहेर माणसे मरत होती, हा कथेचा सांगाडा लोकांनी शतकानुशतके तोंडी जपला. चमत्कार हे त्याला वाहून नेणारे वाहन. आपण वाहनाची पूजा बांधली. तुकोबांचेही तसेच. १६३० च्या दुष्काळात त्यांचे घर बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली; स्वतः त्यांनी ते अभंगात सांगून ठेवले आहे. आमच्या टिपणांत त्याचे ‘वैराग्याचे निमित्त’ होते. एक बाई भुकेने मरते आणि समीक्षेत ती नवऱ्याच्या पारमार्थिक जिन्याची पायरी ठरते. याला आम्ही रसग्रहण म्हणत आलो.

पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ च्या सुमारास भटकंतीत उपासमारीने गेले. बावीस-तेवीस वर्षांनी मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले तेव्हा त्या इकडे आल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन गेल्या. स्वतःच्या भुकेची आठवण त्यांना येथवर घेऊन आली होती आणि तसे त्यांनी लिहिलेही. आम्ही रमाबाईंवर धर्मांतराच्या बाजूने वा विरुद्ध भांडतो. ज्या मुली गेल्या त्या कोणत्या गावच्या, मागे राहिलेल्यांनी त्यांच्याविषयी काय सांगितले, याची नोंद इकडच्या बाजूने कोणी केली नाही. आयर्लंडमधल्या सुपाच्या टोमण्याजवळची एखादी गोष्ट आमच्याकडेही घरोघर पुरून ठेवलेली असेल. आणि गाडगेबाबा? १८७६ चा जन्म. त्यांच्या विशी-पंचविशीत वऱ्हाडावर दोन दुष्काळ गेले. त्यांच्या नावाने भिंतीभिंतींवर रंगवल्या जाणाऱ्या दशसूत्रीत पहिला मान भुकेल्याच्या अन्नाला आहे. आपल्या हाती मात्र खराटा तेवढा उरला.

आमच्यावर आक्षेप घेतले जातील, त्यांतले दोन खरे आहेत. एक, आठवण खोटे बोलते. आयर्लंडच्या प्रश्नावलीनेच ते दाखवले. भुकेने मेलेले लोक सांगणाऱ्याच्या घरचे क्वचितच असतात, ते बहुधा डोंगरापलीकडच्या गावचे असतात. सूप प्यालेले नेहमी दुसरेच कोणी. भुकेची लाज मोठी असते आणि ज्यांचे घर सबंध बुडाले त्यांच्यामागे सांगणारा उरतच नाही. जगले त्यांचीच आठवण उरते, आणि जगले त्यांत शेजाऱ्याची जमीन घेऊन जगलेलेही असतात. हे सारे मान्य. पण मग हीच तर वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचायची गोष्ट नव्हे काय? निवेदक कोठे अडखळतो, कोठे ‘आम्ही’चे ‘ते’ करतो, हे आम्ही कादंबरीत शोधतो आणि त्यावर पदव्या देतो.

दुसरा आक्षेप, उशीर झाला. १९०० पुरता तो झालाच आहे. १९४५ साली डब्लिनमध्ये प्रश्नावली छापली जात होती तेव्हा नागपुरात छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा प्रत्येक माणूस तो दुष्काळ लहानपणी पाहिलेला होता. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून होता, विद्यापीठही १९२३ पासून होते. ती माणसे आपल्याच रस्त्यांवरून फिरत होती. आता १९७२ आहे. विदर्भाला त्याची झळ मराठवाडा-पश्चिम महाराष्ट्राइतकी बसली नाही हे खरे, पण रेशनची ती अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडताना डोळ्यात गेलेले कण हे सांगणारे लोक महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या घामातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्याची वाट मिळाली. त्या कायद्यावर अर्थशास्त्राच्या विभागांत प्रबंध आहेत. मराठीच्या विभागांत त्या खडीवरच्या बोलण्याचा एकही तास नाही. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी आजीकडून भंडाऱ्याच्या बाजूची गाणी जमवली. आजीने दोन दिवस गाणी सांगितली. ध्वनिमुद्रण थांबवून पोरगी निघायला लागली तेव्हा आजीने सहज विचारले की, काठीवाल्या चुलत्याचे लिहून घेतले का. मग उभ्याउभ्याच तिने सांगितले: चुलता कसा एका उन्हाळ्यात एका काठीवर आला आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन काठ्यांवर, गावात तसे आणखी तिघे कसे होते, आणि लाखोळीचा घाटा आपण अजूनही का तोंडात घेत नाही. पोरीने ते आठवून आठवून घरी लिहिले, सात पाने झाली. मार्गदर्शकांनी त्यांवर लाल शाईने ‘विषयबाह्य’ असे लिहून ती परत दिली. प्रबंध मंजूर झाला आहे, त्यात गाणी एकशे बारा आहेत. ती सात पाने तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. आजी गेल्या पावसाळ्यात वारली.